माझ्या नावाचा कौल

माझ्या आईचं माहेर पोलादपूरच्या वर, आंबेनळीकडे जाणारा रस्ता सोडून आत डोंगरात आहे. तिथे देवळाच्या मागे, ओढ्यापासून कड्यापर्यंत, देवीची राई आहे. जुन्या झाडांचं दाट रान. या राईतून वाळकी काडीसुद्धा बाहेर न्यायची नाही. वादळात पडलेला अख्खा हिरडा तिथेच कुजतो, शेजारच्या घरात चुलीला लाकूड नसलं तरी त्याला कोणी हात लावत नाही. लहानपणी मी एकदा गारंबीची बी फ्रॉकच्या खिशात घालून आणली होती. तपकिरी, चपटी, पेढ्याहून मोठी, हातात धरली की सोडवत नाही अशी. मामीला ती सापडली. मामा मला काही बोलला नाही, फक्त हात धरून परत घेऊन गेला आणि जिथून उचलली तिथेच ठेवायला लावली.

त्यामुळे एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी मला त्या राईतल्या डहाळ्या लागल्या तेव्हा गोष्ट सोपी नव्हती. वनस्पतिशास्त्रात झाडाचं नुसतं नाव लिहून भागत नाही. त्याची डहाळी खुडायची, वर्तमानपत्रात दाबून वाळवायची, जाड कागदावर दोऱ्याने शिवायची, तोच पुरावा. मी मामाला फोनवर हे सगळं समजावून सांगितलं. तो एवढंच म्हणाला, “देवीला विचारायला लागंल.”

आमच्याकडे देवीला विचारतात म्हणजे कौल लावतात. गुरव फुलांच्या कळ्या पाण्यात बुडवून मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर चिकटवतो आणि प्रश्न सांगतो. उजवी कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. त्या दिवशी देवळात वाडीतली बरीच माणसं येऊन बसली होती. गुरवकाकांच्या बायकोने आधी माझ्या कानाशी येऊन जे विचारायचं ते विचारून घेतलं आणि मग मला आत बसू दिलं.

“कोणाच्या नावानं?” गुरवकाकांनी विचारलं.

मामाने माझं नाव सांगितलं. वडलांचं नाव, महाड, सगळं सांगितलं. “आमची भाची हाय. शिकतेय. राईतली झाडं शिकायची हायत तिला. शिरू दे का?”

उजवी कळी लगेच पडली. मग डहाळीचा प्रश्न झाला, आणि काही पडेचना. सगळे मूर्तीकडे बघत बसले. मागून कोणीतरी म्हणालं, “इंग्लिशवाली हाय ना ती. देवीला समजत नसंल. मराठीत सांगा.” बायका हसल्या. मी महाडला इंग्रजी माध्यमात शिकले, हे त्या गावात माझं दुसरं नावच झालेलं होतं. मी खाली फरशीकडे बघत राहिले.

मग मामा पुढे सरकला. “कोयता लावणार नाय. हातानं खुडील. एका झाडाची एकच. नि काम झालं की परत आणून झाडाच्या मुळाशी ठेवील.” त्याचं बोलणं संपतंय तोवर उजवी पडली. मी मान हलवली.

“तोंडानं बोल गो बाय,” गुरवकाका म्हणाले. “हितं मान हलवून चालत नाय.”

“आणीन परत,” मी म्हणाले.

एवढ्या माणसांसमोर मी पहिल्यांदाच बोलले असेन. पुढे दोन पावसाळे मी त्या राईत अनवाणी फिरले. मामा बरोबर असायचा. तो झाडाच्या सालीवर नख ओढून वास घ्यायचा आणि नाव सांगायचा, ते मी इंग्रजी अक्षरांत लिहून घ्यायचे, कारण मला तसंच भराभर लिहिता येतं. डहाळ्या पिशवीत न टाकता सुपात ठेवून आणायच्या, हेही त्यानेच ठरवलेलं.

महाडला कॉलेजात आल्यावर त्या डहाळ्या मॅडमच्या टेबलावर यायच्या. मॅडम आम्हाला बीएस्सीपासून शिकवत होत्या. घाटावरच्या एका खेड्यातून शिकून आलेल्या, मोठ्या आवाजाच्या, वर्गात शिरल्या की पंख्याचा आवाज ऐकू येत नसे. मला तोंडी परीक्षेत बोलता येत नाही हे त्यांनी पहिल्या वर्षीच ओळखलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांना त्या म्हणायच्या, “तिला कागद द्या. लिहून दाखवेल.” त्याच्या बदल्यात म्हणून नव्हे, पण झालं असं की त्यांचे सेमिनारचे निबंध, अहवाल, विद्यापीठाला लिहायची पत्रं यांचं इंग्रजी मी बघू लागले. त्यांचं इंग्रजी कच्चं होतं आणि ते माझ्याशिवाय कोणाला कळू नये असं त्यांना वाटायचं. त्या माझ्यातर्फे बोलायच्या आणि मी त्यांच्यातर्फे लिहायचे. संध्याकाळी आम्ही दोघी डिपार्टमेंटमध्ये समोरासमोर बसून डहाळ्या कागदावर शिवायचो. पांढरा दोरा, बारीक सुई, देठापाशी एक टाका, टोकापाशी एक. त्या बोलत असायच्या, मी ऐकत असायचे. माझ्या आईशीसुद्धा मी इतका वेळ कधी बसले नसेन.

पीएचडीला पुण्याला अर्ज कर, हे त्यांनीच सांगितलं. प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरताना त्या माझ्या शेजारी बसल्या होत्या. राई हाच विषय घे म्हणाल्या. “तुझ्यासारखं काम कोणाकडे नाही. आणि मामा आहे तुझा, गाव आहे. दुसऱ्या कोणाला तिथे पाऊल ठेवू देतील का?” मुलाखतीच्या आधी त्यांनी माझ्याकडून उत्तरं पाठ करून घेतली. मी चवदार तळ्याच्या कठड्यापाशी उभी राहून पुटपुटायचे आणि त्या समोर उभ्या राहून म्हणायच्या, “मोठ्याने. पाण्याला ऐकू गेलं पाहिजे.”

प्रवेश मिळाला. वरंध घाट पावसामुळे बंद होता, म्हणून मी ताम्हिणीच्या एसटीने पुण्याला गेले. मॅडम स्टँडवर आल्या होत्या. वडलांनी बॅग वर चढवली आणि मॅडमनी खिडकीतून माझ्या हातात भाजलेल्या शेंगांचा पुडा दिला.

पुण्यात पहिले महिने कोर्सवर्कचे असतात. संशोधन कसं करावं, कोणाचं काही घेतलं तर कसा उल्लेख करावा, याची लेक्चरं. माझ्या वर्गातल्या बहुतेकांना महाड म्हटल्यावर पूर आठवायचा आणि मला इंग्रजी येतं याचं त्यांना आश्चर्य वाटायचं. बोलायचं असतं तर दोन्ही भाषांत येत होतं. मी मेसमध्ये भिंतीकडच्या टेबलावर जेवायचे आणि खोलीवर येऊन प्रस्ताव लिहायचे. गाइड सर कमी बोलणारे होते, त्यामुळे आमचं बरं चाललं होतं. ते माझ्या कागदावर पेन्सिलने बारीक खुणा करायचे आणि म्हणायचे, “राई तुमचीच आहे ना? मग एवढं बिचकत का लिहिता?”

गणपतीला मी गावी गेले नाही, कोर्सवर्क नुकतंच सुरू झालं होतं. त्यानंतर कधीतरी मामीचा फोन आला. “तुझ्या बाई आल्यात. घावने घालतेय त्यांच्यासाठी. बोल जरा.” मागे मॅडमचा हसण्याचा आवाज येत होता. मामाने फोन घेतला. “राई बघायला आल्या. तुझ्या बाई म्हणजे आमच्याच. सगळं दाखवतो.” मला इतकं बरं वाटलं की मी रूममेटला उगाचच चहाला घेऊन गेले. मॅडम माझ्या आजोळी जेवत होत्या. मी तिथे नसताना माझ्यासाठी कोणीतरी एवढ्या लांब गेलं होतं.

कोर्सवर्क संपल्यावर विषय मंजूर करून घ्यायचा असतो. एक समिती बसते. आपण उभं राहून दहा-पंधरा स्लाइड दाखवायच्या आणि त्यांनी प्रश्न विचारायचे. मी सगळं पाठ केलं होतं, पाण्याला ऐकू जाईल अशा आवाजात. पहिली स्लाइड राईच्या फोटोची होती, देवळाच्या मागच्या पायरीवरून काढलेल्या. समितीत बाहेरच्या विद्यापीठातून आलेले एक वयस्क सर होते. त्यांनी चष्मा काढला, पुन्हा लावला आणि पुढे वाकून फोटो बघितला.

“हे गाव पोलादपूरजवळचं ना?”

“हो सर.”

“हा प्रस्ताव मी पाहिलाय. आमच्याकडे मंजूर झालाय दिवाळीच्या सुमारास. याच राईवर. महाडच्या एक प्राध्यापिका आहेत.” मग ते माझ्याकडे बघून शांतपणे, जवळजवळ मायेने म्हणाले, “बेटा, तू हे कुठून घेतलंस?”

मी काय म्हणायला हवं होतं ते मला आता नीट माहीत आहे. अनेकदा मनात म्हणून झालंय. त्या दिवशी मी रिमोट हातात धरून उभी राहिले. पुढची स्लाइड आपोआप आली, किंवा माझाच अंगठा दाबला गेला. सुपात ठेवलेल्या डहाळ्यांचा फोटो होता. गाइड सर माझ्याकडे बघत होते. मी काहीतरी बोलेन म्हणून त्यांनी बराच वेळ दिला, मग स्वतःच म्हणाले की विद्यार्थिनीने एमएस्सीला हे काम केलेलं आहे, काहीतरी गैरसमज दिसतो. वयस्क सर म्हणाले, असेलही, पण एकाच राईवर तीच झाडं घेऊन दोन प्रबंध कसे होतील. नवीन विषय घेऊन या. कोणी ओरडलं नाही. बाहेर आल्यावर गाइड सरांनी विचारलं, “या प्राध्यापिका तुमच्या ओळखीच्या आहेत?” मी मान हलवली.

मी मॅडमना फोन केला नाही. त्यांचाच आला, दोन-तीन दिवसांनी.

“अगं, तू करशील म्हणून वाट बघत होते. झालं का प्रेझेंटेशन?”

“झालं.”

“मग?”

“विषय बदला म्हणाले. हा आधी मंजूर झालाय म्हणून.”

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. “हो ना. सांगणारच होते गं तुला. समक्ष सांगावं म्हणून थांबले. माझं प्रमोशन अडलंय पीएचडीवाचून, तुला माहितीये. या वयात मी कुठे नवीन डोंगर शोधत फिरू? तू तरुण आहेस, हुशार आहेस. तुला शंभर विषय मिळतील.”

 दुसरी शिट्टी झाली.

“आणि ऐक. पहिलं प्रकरण पाठवते तुला. इंग्रजी एकदा बघून दे. तुझ्यासारखं कोणी लिहीत नाही.”

“बघते,” मी म्हणाले.

फोन ठेवल्यावर मला माझीच किळस आली, पण तो शब्द तोंडातून आपोआप गेला होता, जसा इतकी वर्षं जात होता.

त्या दिवसांत मला एकाच गोष्टीचा आधार होता. गावाला यातलं काही माहीत नव्हतं. त्यांनी मॅडमना माझ्या बाई म्हणून आत घेतलं. माझ्या नावाचा कौल आहे म्हणजे तो माझ्या गुरूलाही लागू आहे, असं त्यांना वाटलं असणार. शिकणारी नि शिकवणारी यांचं काम वेगळं असतं हे मामाला कुठून कळावं? त्याने माझ्यावरच्या मायेपोटी एकेक झाड त्यांना दाखवलं असणार. फसलो तर आम्ही दोघं मिळून फसलो, असं मी स्वतःला सांगायचे. मामाला हे कसं सांगायचं, त्याला किती लागेल, याचीच मला काळजी वाटत होती. शिमग्याला गेले की सांगू, असं ठरवलं.

शिमग्याला गेले. पालखी घरोघर फिरून गेली होती, अंगणात रांगोळी तुडवलेली होती. मामी पडवीत बसून कोकमाची सोलं निवडत होती. मी कसंबसं सुरू केलं की राईचं काम आता माझ्याकडे राहिलं नाही, मॅडम करतायत.

“त्यांचा कौल तर तुझ्यापेक्षा लवकर लागला हां,” मामी हसत म्हणाली. “एका फटक्यात उजवी. तू बसवून ठेवलं होतंस आम्हाला.”

“त्यांचा कौल?”

मामीने मान वर केली आणि मग मामाकडे बघितलं. मामा अंगणात दोरखंड गुंडाळत होता. तो तसाच गुंडाळत राहिला.

“मामा, मॅडमच्या नावाने वेगळा कौल लावला?”

“लावला.”

“म्हणजे तुला माहीत होतं. त्या माझ्यासाठी नाही, स्वतःसाठी करतायत.”

“बाईंनी सांगितलं होतं. खोटं कशाला बोलू?” त्याने दोरखंड खुंटीला अडकवला आणि पायरीवर माझ्यापासून जरा लांब बसला. “म्हणाल्या, पोरीला मी समजावते. मी म्हटलं, तुम्हीच समजवा, आम्हाला नाय जमायचं.”

मग त्याने सगळं सांगितलं. गणपतीत मुंबईकर मंडळी आली तेव्हा मंडळाची मीटिंग झाली. गावात आता म्हातारी माणसं उरलीत, पैसा मुंबईच्या मंडळाचा, म्हणून शब्दही मंडळाचा चालतो. त्यांना जुनं देऊळ पाडून मोठं आरसीसी देऊळ बांधायचं होतं. पुढे सभागृह, मागे गाड्या लावायला जागा. मागे म्हणजे राई. मामा आणि गुरवकाका नको म्हणत होते, पण त्यांना कोण विचारतो. मामाने महाडला जाऊन मॅडमना गाठलं. त्या मीटिंगला आल्या, उभ्या राहिल्या आणि बोलल्या. कायदा सांगितला, सरकार सांगितलं, राई नसेल तर कडा कसा खाली येतो ते सांगितलं. मंडळी गप्प झाली. देऊळ आहे त्याच जागेवर बांधायचं ठरलं. मॅडम म्हणाल्या होत्या की राईवर प्रबंध झाला, कॉलेजचं नाव लागलं, तर पुढेही कोणी हात लावणार नाही. त्या प्रबंधासाठी कौल.

“मला का नाही बोलावलंस?”

“तुला?” मामा खरोखर गोंधळला. “तू बोलली असतीस गो? त्या दोनशे माणसांत? मुंबईवाले कसे आरडतात बघितलंयस ना?”

“मला विचारलं का कोणी?”

“तू लाजतेस. तुला त्रास कशाला.” जरा वेळाने तो पुढे म्हणाला, आणि हे त्याने माझ्याकडे न बघता सांगितलं, “नि तू काय, उद्या लग्न होऊन पुण्या-बंगलोराला जाशील. बाई महाडात हाय. कॉलेजात कायम हाय. राईला कोण तरी कायमचं नको?”

त्याचं चुकत होतं असंही मला म्हणता येईना. राई उभी होती. बसल्या जागेवरून मला राईतल्या किंजळीचे शेंडे दिसत होते. मी त्या मीटिंगमध्ये बोलले असते की नाही, मला आजही माहीत नाही. पण देवीला दोनदा विचारलं, मंडळाला विचारलं, मॅडमना विचारलं. मी एका फोनच्या अंतरावर होते. घावने घालतानासुद्धा मला फोन लावला होता, आणि त्या फोनवर सगळे हसत होते.

मामी म्हणाली, “जेवून घे आता. पुरणपोळी ठेवलीय तुझी.”

“मामा,” मी म्हणाले, “म्हणजे माझं काम संपलं.”

“असं काय बोलतेस?”

“संपलं ना. मग डहाळ्या परत आणायला लागतील.”

 हे मामाच्या ध्यानात आलं नव्हतं. माझ्याही ध्यानात ते त्या क्षणापर्यंत नव्हतं.

“त्या बाईंकडं हायत ना? त्यांना लागतील गो.”

“माझ्या नावाने खुडल्यात. मी तोंडाने बोलले होते.”

तो उठून आत गेला.  निघताना मामीने मला सोलांची पिशवी दिली आणि दुसरी, तेवढीच, माझ्या हातात देत म्हणाली, “ही बाईंना दे. वाटेतच हाय ना तुझ्या.” मी दोन्ही घेतल्या.

चवदार तळ्याच्या बाजूला गर्दी होती, मार्चमध्ये असते तशी. लांबलांबच्या गाड्या, पांढऱ्या कपड्यांतली माणसं, पुस्तकांचे स्टॉल. एसटी अलीकडेच थांबली आणि मी पिशव्या घेऊन चालत कॉलेजला गेले. मॅडम डिपार्टमेंटमध्ये एकट्याच होत्या. मला बघून खुर्चीतून उठल्या. “आलीस! ये, ये. बघितलंस का प्रकरण?”

मी सोलांची पिशवी टेबलावर ठेवली. “मामीने दिलंय. मॅडम, मला माझ्या डहाळ्या हव्यात.”

“कशाला?”

मी सांगितलं.

“वेडी आहेस का? हे सगळं डिपार्टमेंटचं आहे आता. शिक्के मारलेत.” त्यांना माझं म्हणणं खरंच समजत नव्हतं. “आणि नेऊन मातीत ठेवणार? शास्त्राची विद्यार्थिनी ना तू? मीच शिकवलं ना तुला, नमुना कधी नष्ट करायचा नसतो?”

त्या बरोबर बोलत होत्या. नमुने जपायचे असतात. मलाही पूर्वी वाटायचं की काम संपेल तेव्हा देवीला पुन्हा विचारू, ठेवून घेऊ दे का म्हणून. मी फोन काढला, मामाला लावला आणि स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला.

“मामा, मॅडम देत नाहीत. कॉलेजच्या झाल्या म्हणतात. गुरवकाकांना सांग, मी बोलले होते परत आणीन म्हणून, पण मला आणता येत नाहीत.”

पलीकडून खोकल्याचा आवाज आला.  मॅडम फोनकडे बघत होत्या. मला वाटलं तो म्हणेल, राहू दे गो, बाईंकडं बऱ्या हायत. मी तयारी केली होती.

“बाई, नमस्कार.”

“नमस्कार दादा. अहो, ही काय म्हणतेय बघा ना.”

“ती बोलते ते खरं हाय. तिच्या नावाच्या तिला देऊन टाका. तुमचा कौल हाय, तुम्ही नव्या खुडा, मी येतो तुमच्याबरोबर. पण त्या ठेवू नका.”

“अहो दादा, त्याने काय होतं? हे शास्त्राचं काम आहे.”

“होत नसंल. पण पुढल्या पावसात कडा सुटला तर गाव मला विचारंल. द्या तुम्ही.”

त्याने ते माझ्यासाठी केलं नाही. हे मला तेव्हाच कळत होतं आणि मी स्वतःला फसवायला आता तयार नव्हते. 

मॅडमनी किल्ली काढून कपाट उघडलं. गठ्ठे टेबलावर आपटले नाहीत, नीट ठेवले. “कागद कॉलेजचे आहेत,” त्या म्हणाल्या. “शिक्क्याचे कागद मला देता येणार नाहीत.” मग ड्रॉवरमधून कात्री काढली. दुसरी कात्री माझ्याकडे सरकवली. आम्ही दोघी समोरासमोर बसलो, पूर्वी शिवायला बसायचो तशाच, आणि टाके कापत गेलो. देठापाशी एक, टोकापाशी एक. डहाळी सुटली की मी ती वर्तमानपत्रावर ठेवायचे, त्या कागद बाजूला ठेवायच्या. कागदावर खाली माझ्या अक्षरात झाडाचं नाव राहायचं, वर नुसती भोकं आणि पानाचा पिवळसर डाग. एकदा त्यांच्या बोटाला कात्रीचं टोक टोचलं. त्यांनी ते तोंडात घातलं आणि मी सवयीने पाण्याची बाटली पुढे केली.

“तुला वाटत असेल मी वाईट आहे,” त्या म्हणाल्या.

मी कापत राहिले.

“त्या मीटिंगमध्ये घसा बसला होता माझा. तूच सांग, कोण गेलं असतं?”

“मॅडम, प्रकरण मी बघणार नाही,” मी म्हणाले. “इंग्रजीचं तुम्ही दुसऱ्या कोणाकडून बघून घ्या.”

त्यांची कात्री थांबली. मग त्यांनी पुढचा कागद ओढला.

समितीने माझा नवा विषय मंजूर केलाय. पूर ओसरल्यावर सावित्रीच्या काठच्या गाळात काय काय उगवतं, तो. आमच्या घराच्या मागच्याच बाजूला आहे. तिथे शिरायला कोणाला विचारावं लागत नाही, एवढ्यासाठी मी तो घेतला. अजून तो मला आवडलेला नाही. बाहेरचे ते वयस्क सर यावेळी फक्त म्हणाले, “हा तुझा स्वतःचा दिसतो.” मी त्यांना म्हणाले, “आधीचाही माझाच होता, सर.” त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि पुढच्या मुलाला बोलावलं.

डहाळ्या मात्र मी कॉलेजातून मिळाल्या त्याच आठवड्यात परत नेल्या. वर्तमानपत्रातून काढून सुपात ठेवल्या. मामा देवळाच्या मागच्या पायरीपर्यंत आला. मी चपला काढल्या, तोही काढायला वाकला.

“मी एकटी जाते,” मी म्हणाले.

तो तसाच एका पायात चप्पल घालून उभा राहिला. मी आत गेले. पानं वाळून सारखी दिसत होती, पण मला प्रत्येक डहाळी ओळखू येत होती, मीच शिवली होती. हिरडा, किंजळ, जांभूळ. एकेक डहाळी तिच्या झाडाच्या मुळाशी ठेवत मी ओढ्याकडे उतरत होते, तेव्हा पाठीमागून मामाचा आवाज आला.

“डावीकडं गो. बेहडा डावीकडं हाय.”

बेहडा कुठे आहे ते मला माहीत होतं. मी त्याला तसं म्हणाले नाही. डावीकडे वळले, कारण बेहडा तिकडेच होता.